सोबतिणीचा रकाना

माणूस एकटाच जन्माला येतो आणि एकटाच जातो, हे थोरामोठ्यांनी सांगून ठेवलेलं सत्य आहे. ज्या कुणी हे सांगितलं त्याने पूर्णेत किशनरावांच्या घरातलं बाळंतपण पाहिलेलं नसावं. या घरात आजवर कुणी एकटं जन्मलेलं नाही. रेणुका जन्मली तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात अकरा बायका हजर होत्या. त्यांतल्या चौघी चहाच्या शोधात गेल्या होत्या, दोघींचं भांडण चालू होतं, एक झोपली होती, आणि उरलेल्यांनी मूल बघितलं ते नर्स बाहेर घेऊन आली तेव्हाच. तरी पुढं एकोणतीस वर्षं या अकराजणी रेणुकेला "मव्ह्या हातावर झालेली पोर" असंच सांगत आल्या.

आता रेणुकेलाच आठवा लागला होता, आणि परभणीच्या दवाखान्याने तिला एक कागद दिला होता.

कागदावर अकरा नियम होते. नारळ, लिंबू, अंगारा, गंडादोरा आत आणू नये, हा पहिला. मोबाईल बंद ठेवावा, हा दुसरा. बाहेरचं खाणंपिणं आणू नये, हा तिसरा. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती, कारण असे नियम मोडण्यासाठीच असतात हे सर्वांना ठाऊक होतं. चौथ्या नियमाने मात्र घरात आग लावली. प्रसूतिकक्षात पेशंटसोबत एकच स्त्री नातेवाईक थांबेल, पुरुषांस प्रवेश नाही. सहावा नियम त्यावर रॉकेल होता. सोबतिणीचे नाव चौतिसावा आठवडा संपण्यापूर्वी लेखी द्यावे, दिलेले नाव कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही.

चौतिसावा आठवडा सोमवारी संपत होता. आज रविवार होता.

दवाखाना बदलावा तर तेही शक्य नव्हतं. रेणुकेचं बीपी वाढलेलं, पायावर सूज. कमी दिवसांच्या बाळासाठी काचेची पेटी आणि ती चालवणारा माणूस, दोन्ही एकाच छताखाली असलेला हाच एक दवाखाना त्यांना सापडला होता. पेटी बऱ्याच ठिकाणी होती. माणूस इथेच होता.

सकाळी कार्यक्रम पार पडला. पत्रिकेवर 'गर्भमंगल' छापलेलं होतं, बोलताना सगळे डोहाळजेवण म्हणत होते. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजींचं भोजन बाराच्या आत उरकलं, ओटी भरून झाली, जेवणाच्या तीन पंगती उठल्या, आणि दुपारी दोनपर्यंत पाहुणे पांगले. मधल्या खोलीत उरली ती घरची माणसं. किशनराव, त्यांची बायको कमलबाई, जावई नागेश आणि मानवतहून आलेल्या विहीण धम्मशीलाबाई. रेणुका आतल्या खोलीत पाय वर करून पडली होती. पंचफुला, म्हणजे किशनरावांची थोरली बहीण, स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

फॉर्म टीपॉयवर होता. त्यावर पेपरवेट म्हणून लाडवाची वाटी ठेवली होती.

"इहीणबाई," कमलबाई म्हणाल्या, "येवढा मोठा थर्मास कामून आणलाव? आमच्याकडं हाय की."

"असू द्या. दवाखान्यात दोन लागतेत."

"दोन? माणूस तर एकच जायचंय."

"मनून तर आणलाय," धम्मशीलाबाई म्हणाल्या.

थर्मास दाराशी बॅगेवर उभा होता. बॅगेत दोन सुती साड्या, पंचा, बाळाची टोपडी आणि घरच्या चपला होत्या, हे कमलबाईंनी पंगतीच्या गडबडीत बघून घेतलं होतं. घरच्या चपला घेऊन येणारी बाई पाहुणी म्हणून आलेली नसते.

नागेश मानवतच्या एका शाळेत लिपिक होता. दोन बाजूंच्या मधे बसून दोघांनाही पटेल असं पत्र तयार करणं हा त्याचा रोजचा धंदा. पण ते पत्र मुख्याध्यापक आणि संस्थेच्या सचिवांच्या मधलं असे, आई आणि सासूच्या मधलं नसे.

"चिठ्ठ्या टाकायच्या का?" तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्याने एक लाडू उचलला.

खरं तर नागेशला स्वतःलाच आत थांबायचं होतं. मागच्या तपासणीला त्याने सिस्टरला तसं विचारूनही पाहिलं. सिस्टर म्हणाली, "बापे चक्कर येऊन पडतात, मग आम्हाला दोन पेशंट होतात." सहा महिन्यांपूर्वी रक्तदान शिबिरात तो पडला होता, आणि ती सिस्टर त्या शिबिरातही होती.

"हे बगा," कमलबाईंनी पदर खोचला, "पयलं बाळंतपण माहेरी. हा दस्तूर हाय. दुसऱ्यापासून खुशाल तुमी करा, आमी मधी येणार न्हाई. पण पयलं माहेरचं. मानवतात काई येगळं आसंल तर सांगा."

"मानवतात बी तेच हाय."

"मग झालं की."

"तेच तर म्हणायलाव आमी," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "पयलं तुमच्याकडंच झालं की."

तेवढ्यात मागच्या रुळावरून मालगाडी गेली. मालगाडी जाईपर्यंत न बोलण्याची या घराची जुनी सवय होती. पण या वेळी गाडी गेल्यावरही कुणी बोललं नाही.

"ते कुटं बाळंतपण होतं?" कमलबाईंचा आवाज निम्मा झाला होता.

"मग काय होतं?"

"आवो सहावा होता तिला. ते... ते तसंच झालं. ते काय मोजत्येत का कुणी?"

धम्मशीलाबाईंनी वाटी बाजूला सरकवली आणि फॉर्मवर बोट ठेवलं. गर्भधारणा कितवी, असा रकाना होता. समोर रेणुकेच्या अक्षरात लिहिलं होतं, दुसरी.

"दवाखाना मोजायलाय," त्या म्हणाल्या.

बोलून झाल्यावर मात्र धम्मशीलाबाईंना वाटलं, आपण हे टोमणा म्हणून म्हणायला नको होतं. सव्वीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. गावात झालेलं प्रत्येक मूल त्यांनी रजिस्टरात चढवलं होतं, न टिकलेलं सुद्धा, कारण त्याचा रकाना वेगळा होता आणि तो रिकामा सोडला की सुपरवायझर ओरडायची. दोन वर्षांपूर्वीचं आपल्याच सुनेचं मूल मात्र कुठल्याच रजिस्टरात गेलं नाही. त्याबद्दल घरात "ते झालं तवा" एवढंच बोललं जाई. त्यांना ते दोन वर्षं खटकत होतं. आज बोलायची वेळ आली तर ते तोंडातून भांडण होऊन निघालं. आयुष्यभर रजिस्टर लिहिलेल्या माणसाला बोलायची सवय राहत नाही.

आतल्या खोलीत रेणुकेला सगळं ऐकू येत होतं. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. या घरात गुपित ठेवायचं तर मालगाडीच्या वेळेत बोलावं लागे.

तिला तो शुक्रवार आठवत होता. दवाखाना दुसरा, लहान. हिरवा पडदा. बाराच्या सुमाराला नर्स "आलेच" म्हणून गेली आणि पडदा ओढून घेतला. पडद्याबाहेर व्हरांड्यात घरच्या रिवाजाप्रमाणे अकरा माणसं होती. रेणुकेने हाका मारल्या. पहिल्यांदा मोठ्याने, नंतर हळू, नंतर मनातल्या मनात. कुणी आलं नाही. चार वाजेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

माणसं वाईट नव्हती. हे तिला पुढं एकेकीच्या बोलण्यावरून जुळवत नेल्यावर कळलं. मावशीला वाटलं, आई आत आहे. आईला वाटलं, चुलती आहे. चुलतीला वाटलं, नर्स आहे, आणि नर्सला वाटलं की एवढी माणसं आहेत म्हणजे कुणीतरी असणारच. अकराजणींतल्या प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी आत आहे. रेणुका शाळेत विज्ञान शिकवायची. गर्दी वाढली की दर माणशी जबाबदारी कमी होते, हे पुस्तकात नव्हतं, पण तिला ते उजळणीसारखं पाठ झालं होतं.

म्हणून परभणीच्या दवाखान्याचा चौथा नियम वाचून सगळं घर पेटलं, तेव्हा तिला एकटीला बरं वाटलं होतं. नाव एकच लिहिलं, की ते माणूस दुसऱ्याच्या भरवशावर चहाला जाऊ शकत नाही.

आणि चार वाजता पडदा कुणी सरकवला, हेही तिला आठवत होतं. पंचफुलाआत्या पूर्णेहून डबा घेऊन आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. डबा लागतो म्हणून डबा आला, आणि डब्यासोबत आत्या आली. व्हरांड्यात शिरताच तिने विचारलं, "पोरगी कुटं हाय?" अकराजणी एकदम म्हणाल्या, "आत हाय." "आन संगं कोण हाय?" आत्या म्हणाली.

या प्रश्नावर सगळ्या एकमेकींकडं बघू लागल्या होत्या.

रेणुका उठली. भिंतीला धरत मधल्या खोलीत आली.

"आत्याचं नाव लिहा," ती म्हणाली.

सकाळपासून पहिल्यांदाच दोन्ही विहिणी एका बाजूला आल्या.

"आक्काचं?" कमलबाई म्हणाल्या. "मी आई जिती असताना?"

"आन मी?" धम्मशीलाबाई म्हणाल्या. "मी सव्वीस वर्षं..."

"त्या दिवशी मी चार तास एकटी होते आई. बाहेर तुम्ही सगळ्या होतात. हाका मारल्या मी." रेणुका खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. आवाज वर्गात बोलतात तसा सरळ होता. "संगं कोण हाय असं एकटीनं विचारलं. आत्यानं."

नागेशने अर्धा लाडू परत वाटीत ठेवला. चार तासांची गोष्ट त्यालाही आजच कळत होती. त्या दिवशी तो रक्ताची बाटली आणायला गेला होता आणि दोन वर्षं त्याला वाटत होतं, आपण तेवढे नव्हतो, बाकी सगळे होते.

कमलबाई खाली बसल्या. खोचलेला पदर सोडत म्हणाल्या, "मी चहाला न्हवते गेले गं. गोळ्या आणायला गेलते. मेडिकलवर लाईन होती."

"माहितंय मला."

"लय मोठी लाईन होती."

"माहितंय, आई."

धम्मशीलाबाईंनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. चष्मा लावल्यावर त्यांच्यातली सेविका जागी झाली. "पण बाई, पाचवा नियम बग की. सदर स्त्री स्वतः प्रसूत झालेली असावी. खाली रकानाच हाय, सोबतिणीची अपत्ये, हयात किती, मयत किती. आता आक्काला तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं सगळ्या पूर्णेला माहीत होतं. पंचफुलाला मूल नव्हतं. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला विसाव्या वर्षी परत पाठवलं होतं, आणि तेव्हापासून ती भावाकडं होती. पन्नास वर्षांत तिने मोहल्ल्यातल्या चाळीसेक बाळंतपणांत गरम पाणी, मालिश, शेक सगळं केलं. ओटी मात्र कुणाचीच भरली नाही.

खरं म्हणजे तशी मनाई नव्हती. विहार समितीने आठ वर्षांपूर्वी ठरावच केला होता की मंगलकार्यात विधवा, परित्यक्ता, निपुत्रिक असा भेद कुणी करू नये. ठराव किशनरावांनी मांडला, एकमताने मंजूर झाला, त्याची प्रत चौकटीत घालून याच खोलीत लावली होती. ठराव मंजूर होत असताना पंचफुला आत समितीचा चहा करत होती. आजही ओटी भरताना ती स्वयंपाकघरात होती. तिला कुणी थांबवलं नव्हतं, आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

"मव्हं नाव नका घेऊ बाई," स्वयंपाकघरातून आवाज आला. भांडी पुसण्याचा आवाज थांबला नव्हता. "त्या दवाखान्यात चपला भाईर काढाव लागतेत. मव्ह्या चपला हमेशा चोरीला जातेत."

किशनराव अजून एक शब्द बोलले नव्हते.

ते चौतीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर जायची हे ठरवणारा दुसराच असतो, पॉइंट्समनने फक्त रूळ जोडायचा. पण जोडलेला रूळ आपल्या डोळ्याने बघितल्याशिवाय बावटा दाखवायचा नाही, हा नियम होता, आणि किशनरावांचा नियमावर जीव होता. दवाखान्याचा कागद आला तेव्हा घरात त्याला शिव्या बसल्या. किशनराव एकटेच म्हणाले होते की नंबर टाकून लिहिलंय म्हणजे माणूस समजदार असंल. त्यांनी अकराही नियम तीन वेळा वाचले होते. पाचव्या नियमापाशी ते गुरुवारपासून थांबले होते. सिग्नल मिळू नये आणि गाडी उभी राहावी, तसे.

"आक्का," त्यांनी हाक मारली, "भाईर ये."

"हात वले हायत."

"वल्या हातानं ये."

पंचफुला दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"लिव्हा, जावईबापू," किशनराव म्हणाले. "सोबतिणीचं नाव, पंचफुला. अपत्ये. हयात, शून्य. मयत, एक."

नागेशचा पेन हवेत राहिला.

"आवो, काय म्हणायलाव?" कमलबाई म्हणाल्या. तेहतीस वर्षांच्या संसारात आपल्याला न सांगितलेली गोष्ट नवऱ्याकडं असेल, असा त्यांना संशय होता; पण ती स्वतःबद्दलची असेल असं वाटत होतं.

"बहात्तरचा दुष्काळ," किशनराव ठरावाच्या चौकटीकडं बघत बोलू लागले. "आमी समदे बोरीच्या पुढं रस्त्याच्या कामावर होताव. खडी फोडायला. आक्का सतराची होती, सासरहून माहेरी आलेली, पोटुशी. मी अकराचा. मायनं मला सांगितलं, लोकं आक्कालाच नावं ठेवतील, कुटं बोलायचं न्हाई. मनून बोललो न्हाई. एक पोरगा झालता तिला तिथं. न्हाई राह्यला."

"पोरगी," पंचफुला म्हणाली.

"काय?"

"पोरगी होती. तुला कोण सांगितलं पोरगा? तुला दावलीच न्हाई मायनं."

किशनराव तिच्याकडं बघत राहिले. चौपन्न वर्षं त्यांनी एक गोष्ट नियमाप्रमाणे जपून ठेवली होती, आणि ती चुकीची होती.

पंचफुलाने पदराला हात पुसले. "काई मोठं न्हाई ते. दुपारच्याला पोटात दुखाया लागलं. बाया समद्या दुसऱ्या टोकाला होत्या, ढिगापशी. हाक मारावी म्हणलं, पण हाक माराया दम तर लागतोय. मग झाली. थोडा येळ होती. रडली बी." तिने पदर नीट केला. "त्या दिवशी मस्टरवर मव्ही हजेरी लागली. तिची न्हाई लागली."

"सासरी सांगितलं न्हाई?" कमलबाई म्हणाल्या.

"सांगितलं की. ते म्हणले, जितं कुटं हाय? मग त्यायनी काई धरलं न्हाई ते."

"संगं कोण होतं, आत्या?" रेणुकेने विचारलं.

"कुणी न्हवतं," पंचफुला म्हणाली. "मनून तर कुटंबी गेलं की मी आदी तेच इचारती."

मालगाडी आली असती तर बरं झालं असतं, पण तिची वेळ नव्हती.

धम्मशीलाबाई उठल्या. त्यांनी मुलाच्या हातातला पेन काढून घेतला, फॉर्म स्वतःपुढं ओढला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीच्या, सरळ, गोल अक्षरात लिहिलं. हयात, शून्य. मयत, एक. मग समासात जागा नसताना कंसात (मुलगी) असंही लिहिलं. फॉर्मने ते विचारलेलं नव्हतं.

"आमच्या रजिस्टरात आसती तर मी तवाच चढवली आसती," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी दिलाशाची भाषा कुणी कधी ऐकलेली नव्हती. पंचफुलाने मान हलवली, जणू कामात थोडा उशीर झाला एवढंच.

मग धम्मशीलाबाई रेणुकेकडं वळल्या. "तुजं बी," त्या म्हणाल्या. "मगाशी मी कडू बोलले. पण ते पयलंच होतं बाई. पयल्याला पयलंच म्हणाव."

रेणुकेने सासूच्या हाताखालून लाडवाची वाटी काढून घेतली आणि नागेशचा उरलेला अर्धा लाडू खाल्ला. दुपारपासून तिने पहिल्यांदाच काही तोंडात घातलं होतं.

कमलबाईंचं मन अजून जाग्यावर नव्हतं. मुलीने आपल्याला निवडलं नाही हे त्यांना लागलं होतं, आणि ते बरोबर आहे हे कळल्याने जास्त लागलं होतं. अशा वेळी त्या काम काढत. "आक्का," त्या एकदम म्हणाल्या, "तुमी ओटी कुटं भरली पोरीची?"

"मी?"

"मग काय मी? मी भरली सकाळीच."

सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या ठरावाकडं बघितलं, कुणी बघायला सांगितल्यासारखं. ताट आणलं, खण होता, तांदूळ होते. नारळ नव्हता. सकाळचे पाचही नारळ दुपारच्या चटणीत गेले होते. कमलबाईंनी फळांच्या टोपलीतून एक पेरू काढला.

"पेरूनं कुटं भरत्येत ओटी," पंचफुला म्हणाली. ती अजून उंबऱ्याच्या आतच होती.

"ठरावात नारळाचा उल्लेख न्हाई," किशनराव म्हणाले.

पंचफुला उंबरा ओलांडून आली. सत्तरीच्या घरातल्या त्या बाईला तांदूळ किती घ्यायचे हे माहीत होतं, चाळीस वेळा तिने दारातून पाहिलेलं होतं. ओंजळ मात्र तिने कधी धरलेली नव्हती, त्यामुळे निम्मे तांदूळ फरशीवर गेले. ते नंतर तिनेच झाडले. कमलबाईंनी झाडू मागितला, तिने दिला नाही.

संध्याकाळी धम्मशीलाबाईंनी मानवतची बस धरली. बॅग सोबत नेली, थर्मास ठेवून गेल्या. "आक्काच्या संगं द्या," असं नागेशला सांगितलं. कमलबाईंनी ते ऐकलं आणि आपलाही थर्मास काढून धुतला.

सोमवारी रेणुका, नागेश आणि पंचफुला सकाळच्या गाडीने परभणीला गेले. पंचफुलाने इस्त्रीची साडी नेसली होती. पायांत कमलबाईंच्या चपला होत्या, चोरीला गेल्या तर कमलबाईंच्या जाव्यात म्हणून. दोन्ही हातांत दोन थर्मास होते. गाडीत ती काहीतरी पुटपुटत होती. नागेशने कान दिला तेव्हा कळलं, ती पाठ करत होती. "एक. मयत. मुलगी. बहात्तर साल. कागद न्हाई." दवाखान्यात विचारतील, पुरावा मागतील, अशी तिची खात्री होती. सगळ्या गोष्टींना पुरावा मागतात आजकाल, आणि तिच्याकडं भाऊ सोडला तर पुरावा नव्हता, त्यालाही मुलगा की मुलगी हे माहीत नव्हतं.

"विचारलं तर मी बोलते, आत्या," रेणुका म्हणाली.

"तू कामून बोलशील? मीच बोलती की. येकदा बोलून झालंय, आता येतंय मला."

दारातल्या वॉचमनने दोन्ही थर्मास ठेवून घेतले. तिसरा नियम. पंचफुला त्याला म्हणाली, "झाकण घट्ट लाव, सांडतंय," आणि आत गेली.

काऊंटरवर क्लार्क होता. त्याने फॉर्म घेतला, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, एक फोटो चिकटवला, दोन शिक्के मारले आणि सगळं स्टेपल केलं. मग गुलाबी कार्ड काढून त्यावर लिहिलं, सोबतीण, पंचफुला, प्रसूतिकक्ष. कार्ड पुढं सरकवलं. पंचफुलाने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, आणि पिशवीतल्या आतल्या कप्प्यात ठेवलं. मग काऊंटरपाशी ताठ उभी राहिली. तो विचारेल म्हणून वाट बघत.

क्लार्कने पुढच्या माणसाला हात केला.

"तो रकाना भरलाय," नागेश न राहवून म्हणाला. "अपत्यांचा. बघितला का तुम्ही?"

"कुठला?" क्लार्कने पिना न उचकटता कोपरा वर करून पाहिलं. "हां, ते. ते न्हाई भरलं तरी चालतंय."

"पण पाचवा नियम..."

"तो मार्चमधीच काढला साहेबांनी. कुणीबी बाई चालती आता. नव्या फॉर्मात तो रकानाच न्हाई."

"मग आम्हाला हा कामून दिला?"

क्लार्कने टेबलाखालचा खोका पायाने पुढं ओढून दाखवला. जुने फॉर्म अजून चारशेच्या आसपास शिल्लक होते.